मदत हवी आहे : ‘प्फांटब्रीफ’ या जर्मन शब्दाचे मूळ

नमस्कार. जर्मन बँकव्यवहारातील ‘प्फांटब्रीफ’ या जोडशब्दाच्या इतिहासाविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

१७५६ ते १७६३ या काळातील सप्तवार्षिक युद्धानंतर प्रशिया या जर्मन राज्याच्या सायलेशिया प्रांतातील सरदार-जमीनदार कर्जबाजारी झाले होते. त्यांना पुन्हा भांडवल मिळावे म्हणून प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने बर्लिनचे व्यापारी ब्यूरिंग यांच्या योजनेच्या आधारे १७६९ मध्ये आज्ञापत्र काढले आणि १७७० मध्ये जमीनदारांची पतसंस्था उभी राहिली. जमिनीच्या तारणावर तिने काढलेले, हस्तांतर करता येणारे आणि ठरावीक व्याज देणारे रोखे म्हणजे प्फांटब्रीफ.

यातील ‘प्फांट’ म्हणजे तारण, हे सरळ आहे. अडचण ‘ब्रीफ’ची आहे. आज त्याचा अर्थ टपालाचे पत्र असा असला, तरी लॅटिनमधील ‘ब्रेव्हिस’ म्हणजे ‘संक्षिप्त’ या शब्दापासून आलेल्या या शब्दाचा जुना अर्थ ‘दस्तऐवज’ असा होता. आपल्या ‘गहाणखत’, ‘खरेदीखत’ यांतील ‘खत’ मला त्याच्या फार जवळचे वाटते. जर्मन शेअरबाजारात विक्रेत्याच्या भावाला अजूनही ‘ब्रीफ’च म्हणतात.

माझा प्रश्न असा, की दोन व्यक्तींमधील साध्या गहाणखताचे नाव बाजारात फिरणाऱ्या रोख्याला नेमके कोणत्या टप्प्यावर मिळाले, हे दाखवणारे १७६९ पूर्वीचे दस्तऐवज किंवा विश्वसनीय कोश कोणी सुचवू शकेल का? मजकूर जुन्या जर्मन लिपीत असला तरी चालेल.