‘फिजिकल ग्रॅफिटी’ भारी, पण ‘फोर’ वरचढ

लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या अल्बमांत ‘फिजिकल ग्रॅफिटी’ला पहिला नंबर देणाऱ्यांनो, १९७५च्या त्या दुहेरी अल्बममधल्या १५ पैकी ७ गाण्यांची मुळं आधीच्या अल्बमांच्या शिल्लक मालात आहेत. (त्यातल्या ‘कश्मीर’ या गाण्याबद्दल वाद नाही.) माझं मत १९७१च्या चौथ्या अल्बमला, म्हणजे ‘फोर’ला, तेही त्यातल्या गाजलेल्या ‘स्टेअरवे टू हेवन’मुळे नव्हे, तर ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या गाण्यामुळे. हेडली ग्रेंज या इंग्लंडमधल्या जुन्या घरात जिन्यापाशी, खालच्या हॉलमध्ये ड्रमर जॉन बॉनमचा ड्रमसेट मांडला, वरून दोनच माइक टांगले आणि आवाज बिन्सन इको या प्रतिध्वनी देणाऱ्या यंत्रातून काढला. बेस ड्रमला जवळचा माइकच नाही! वर टेपचा वेग उतरवलेला, म्हणून ठोका इतका जड आणि रुंद. मोबाइलच्या स्पीकरवर हे सगळं चेपून जातं. हेडफोन लावून माउथऑर्गन सुरू होण्याआधीचे नुसते ड्रम दोनदा ऐका, मग बोलू.