मिररलेसवर लिनियर पोलरायझरही चालतो, पण जुना फिल्टर आरशात बघून घ्या

पोलरायझर म्हणजे चमक कापणारा, लेन्सवर लावायचा फिल्टर; तो लिनियर आणि सर्क्युलर अशा दोन प्रकारांत येतो. 'लिनियर लावला की ऑटोफोकस बोंबलतो' असं बरेचदा म्हणतात, ते डीएसएलआरपुरतं, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यापुरतं ठीक. त्यात फोकसच्या सेन्सरकडे जाणारा प्रकाश अर्धपारदर्शक आरशातून जातो आणि ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणारा) प्रकाश आला की त्या आरशाचं गणित चुकतं; मीटरिंगही (प्रकाशाचं मोजमाप) हुकतं. मिररलेसमध्ये तो आरसाच नाही, त्यामुळे लिनियर सहसा बिनधास्त चालतो. खडकवासल्याच्या पाण्यावरची चमक दोन्ही सारखीच मारतात. सर्क्युलर म्हणजे तरी काय, लिनियरच्याच मागे एक क्वार्टर-वेव्ह प्लेट, म्हणजे तो ध्रुवित प्रकाश गोल फिरता करणारा थर.

खरी पंचाईत जुन्या बाजारात. रविवारी तिथे मिळणाऱ्या फिल्टरच्या कडेवरची अक्षरं बऱ्याचदा पुसलेली असतात, आणि विकणारा काय, तुम्ही विचाराल त्याला 'हो' म्हणतो. अशा वेळी लेन्सवर बसणारी आट्यांची बाजू आरशाकडे आणि पुढची बाजू डोळ्याकडे धरा, मग त्या फिल्टरमधूनच आरशातल्या फिल्टरकडे बघा. काच काळीकुट्ट दिसली तर सर्क्युलर, पलीकडून स्वतःचा डोळा दिसला तर लिनियर. पार्किंगमधल्या स्कूटरचा आरसाही चालतो.