खराब सीडी लावली की प्लेअर बिघडतो का? (पुरातल्या सीड्या आहेत)

दुधाळीकर_७७:
मंडळी एक शंका आहे. घरी बाबांचा जुना डीव्हीडी प्लेअर आहे, रोज सकाळी पूजेला बसले की त्यावर भजनाच्या सीड्या लागतात. महिनाभर झालं, सीडी आत घेतो, जरा फिरवल्यासारखं करतो, टक टक आवाज आणि मग 'नो डिस्क' दाखवून गप्प. दुरुस्तीला नेला तर तो म्हणाला स्क्रॅचवाल्या सीड्या लावून लावून लेन्स घालवलीय तुम्ही, नवी टाकावी लागणार. आता घरात सगळं माझ्यावर आलंय कारण त्या सीड्या मीच लावल्या होत्या.
झालंय असं की २०१९ च्या पुरात आमच्याकडं खालच्या मजल्यावर छातीएवढं पाणी होतं, सीड्यांचा डबा चार दिवस चिखलात, पाणी उतरल्यावर आईनं सगळ्या धुवून गच्चीवर जुन्या साडीवर पापडासारख्या वाळत घातल्या होत्या. त्यातल्या काही मी दिवाळीत लावून बघितल्या. ताईच्या लग्नाची व्हीसीडी पण त्यातच आहे, २००४ ची, दोन सीड्या. वर फोटोवाल्यानं ताई-दाजींचा फोटो असलेला गोल कागदी स्टिकर मारलाय, तो पाण्यानं फुगून एका बाजूनं उचकटलाय. दुसऱ्या सीडीला मधल्या भोकापासून बारीक तडा आहे, नखाला लागतो. ह्या दोन अजून लावल्या नाहीत, धाडसच होत नाही.
तर स्क्रॅचनं प्लेअर खरंच जातो का, आणि ताईच्या सीड्या लावू का नको?

उद्यमनगरचा_गडी:
भावा स्क्रॅचनं लेन्स जात न्हाई. मी दहा-बारा वर्षं हेच काम केलंय. टेपरेकॉर्डरचं हेड टेपला घासतं म्हणून लोकांना वाटतं हितं पण तसंच असणार, पण लेन्स सीडीला लागतच न्हाई, मधी एक-दोन मिलिमीटर मोकळी जागा असते, नुस्ता उजेड जातो आणि परत येतो. स्क्रॅच आला की त्यो उजेड भरकटतो, मग लेन्स वर-खाली करून फोकस शोधती, त्याचाच तुला टक टक आवाज येतोय. बारीकसारीक गेलेला डेटा प्लेअर हिशेब करून भरून काढतो, ऑडिओ सीडीवर साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतचं भगदाड त्याला चालतं, त्याच्या पुढं गेलं की अडकणार, गाणं उडणार, एवढंच. प्लेअरला काय होत न्हाई.
आता मला सांग प्लेअर ठेवलाय कुठं? पूजेच्या वेळी लावताय म्हणजे देवघराजवळच ना? आणि डीव्हीडी लावून बघितलीस का, का नुस्त्या सीड्याच लावतोयस?

शाहूपुरी_६वी_गल्ली:
गडीभाऊ स्क्रॅचचं बरोबर आहे तुमचं पण "काय होत नाही" असं सरसकट सांगू नका, त्यांच्याकडं नुसते स्क्रॅच नाहीत, फुगलेला स्टिकर आणि तडा पण आहे. स्टिकर आत गेल्यावर निघाला तर सीडी आतच अडकणार किंवा तो कागद लेन्सवर जाऊन बसणार, आणि गोंद सुटला तर बघायलाच नको. शिवाय पाण्यानं कागद एका बाजूला जड झाला की सीडी थरथरत फिरते. वाकडी झालेली सीडी असेल तर ती मात्र लेन्सला टेकू शकते, सीडी काचेवर सपाट ठेवून डोळ्याच्या रेषेत बघा, हलते का ते.
आणि चिखलाचं पण बघा. आमच्याकडं पण त्याच वर्षी पाणी आलं होतं, तो गाळ वाळला की पीठ होतो पीठ. भोकाच्या कडेला बसलेला दिसत नाही आणि फिरायला लागलं की सगळा आत उडतो.

उद्यमनगरचा_गडी:
व्हय, स्टिकरचं मी वाचलं नव्हतं नीट, मान्य. दुधाळीकर, त्यो स्टिकर ओढून काढू नको हां अजिबात!! सीडीत चकाकणारा पत्रा वरच्या बाजूला असतोय, छापाच्या लगेच खाली, वर नुस्ता वार्निशचा थर. १.२ मिलिमीटरचं प्लास्टिक सगळं खालच्या अंगाला. स्टिकर ओढलास की पत्रा पापुद्र्यासारखा त्याच्याबरोबर निघतो आणि ताईचं लग्न स्टिकरला चिकटून येतंय. डीव्हीडीचं निराळं, तिथं डेटा दोन पातळ चकत्यांच्या मधी असतो. सीडी बल्बसमोर धरून बघ, टाचणीएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तेवढा डेटा गेला, तिथं कसलंच पॉलिश चालत न्हाई. उचकटलेली कड हलक्या हातानं बसव, जास्तच लोंबत असंल तर तेवढीच कात्रीनं काप.

रंकाळ्याची_भेळ:
कोलगेट लावा, पांढरी, जेल नको. मी लावलेली, मस्त चालली.

शाहूपुरी_६वी_गल्ली:
^ खालच्या बाजूच्या वरवरच्या स्क्रॅचला चालतं, प्लास्टिक घासून गुळगुळीत होतं म्हणून. पण गोल गोल घासू नका, मधून कडेकडं सरळ. गोल चरा पडला की तो डेटाच्या रेघेवरून लांबपर्यंत जातो, आडवा चरा पटकन ओलांडला जातो.
तड्याचं सांगायचं राहिलं. सगळे म्हणतील कॉम्प्युटरला लावून कॉपी करा, स्टिकरवाली लावा सुद्धा, पण तडा गेलेली कॉम्प्युटरला अजिबात नको. प्लेअरमध्ये व्हीसीडी मिनिटाला २०० ते ५०० फेरे फिरते, कॉम्प्युटरचा जुना ५२ एक्स (म्हणजे ५२ पट वेगाचा) ड्राइव्ह १०,००० च्या आसपास जातो. आमच्या सायबर कॅफेत एकदा तडा गेलेली सीडी अशी फुटली होती की अख्खं गिऱ्हाईक खुर्चीसकट मागं सरकलं, ट्रे उघडला तर नुसता चुरा. तो ड्राइव्ह काय परत चालला नाही. म्हणजे तडा गेलेली लावायचीच तर उलट तुमच्या म्हाताऱ्या प्लेअरलाच लावा, एकदाच, आणि टीव्हीकडं जाणारी वायर कॅप्चर कार्डला (टीव्हीचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं यंत्र) लावून रेकॉर्ड करा. पण खरं सांगू, तडा भोकापासून आहे आणि सीडी आतूनच वाचायला सुरू होते, अनुक्रमणिकाच तिथं असते, त्यामुळं लागेलच असं नाही.

दुधाळीकर_७७:
गडीभाऊ काय तुम्ही ज्योतिषी का काय!! प्लेअर देवघराच्या बरोब्बर खालच्या फळीवर आहे. रोज दोन उदबत्त्या आणि कापूर. आणि डीव्हीडी लावली, ती लागते, अडखळत पण लागते.

उद्यमनगरचा_गडी:
हां मग सापडलं. धूर बसलाय लेन्सवर. प्लग काढ, झाकण खोल, आयसोप्रोपिल अल्कोहोल आण, मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडं मिळतं, कापसाच्या काडीला जरासं लावून लेन्सवर हलकं फिरव, दाबू नको, केसाएवढ्या तारांवर लटकलेली असती ती. ब्रशवाली क्लीनर सीडी वापरू नको, मला तरी पटत न्हाई ती. सेंट बिंट तर लावूच नको, लोक लावतात. प्लेअरमधी सीडीचा आणि डीव्हीडीचा लेसर वेगळा असतो, सीडीच्या उजेडाची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर, डीव्हीडीची ६५०, म्हणून पुसूनही सीड्या लागल्याच न्हाईत तर सीडीचा लेसर थकलाय असं समज. मग त्यो वयानं गेला, तुझ्या स्क्रॅचनं न्हाई. घरात हे वाचून दाखव.

दुधाळीकर_७७:
अपडेट. पुसली. काडी चहाच्या रंगाची झाली, बाबांना नेऊन दाखवली, ते म्हणाले "उदबत्ती बंद होणार नाही." भजनं सुरू झाली, आता प्लेअर टीव्हीखाली हलवलाय. स्टिकरवाली सीडी कड कापून मित्राच्या कॉम्प्युटरवर लावली, साधं कॉपी-पेस्ट एरर देत होतं, मग आयसोबस्टर म्हणून खराब सीडीतला डेटा काढायचं सॉफ्टवेअर आहे, त्यानं रात्रभर लावून ठेवली, हळद आणि अक्षता आल्या, मध्ये पाच-सात मिनिटं नुसते हिरवे चौकोन. तड्याची प्लेअरला एकदा लावली, वाचलीच नाही. जेवणाच्या पंगती त्यात होत्या आणि आजी फक्त पंगतीतच होती. दाजींच्या गावाकडं दुसरा सेट असेल म्हणतात, विचारलंय.

रंकाळ्याची_भेळ:
मिळाला तर कोलगेट लावा