अनुभव धागा: लोककथा, अजब समजुती आणि जगावेगळे प्रयोग – जालावर तुम्हाला काय गवसलं?

शोधायला गेलो एक आणि रमलो भलतीकडेच, असं तुमचंही झालं असेल. अशी संकेतस्थळं इथे लिहा. नुसतं नाव नको, तिथे काय पाहिलंत तेही सांगा.

सुरुवात मी करते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल या प्राध्यापकांनी १९२७ साली पिच नावाचा डांबरासारखा पदार्थ तापवून नरसाळ्यात ओतला आणि १९३० साली नरसाळ्याचं टोक कापलं. हातोडीनं फुटणारा हा पदार्थ खरं तर वाहतो, हे विद्यार्थ्यांना दाखवायचं होतं. २०१४ पर्यंत थेंब पडले नऊ! आता त्यावर कॅमेरा लावलेला आहे, घरबसल्या बघता येतं. जॉन मेनस्टोन यांनी हा प्रयोग कित्येक वर्षं सांभाळला. २००० साली थेंब पडला तेव्हा नेमका कॅमेरा बंद पडला, आणि २०१३ साली ते गेले. एकही थेंब पडताना त्यांना बघायला मिळाला नाही. हे वाचल्यापासून मनाला चुटपुट लागली आहे. मी ते पान अधूनमधून उघडते. काहीच हललेलं नसतं, तरी बघत बसते.

डब्लिनहून
आयर्लंडमध्ये १९३७ ते १९३९ या काळात शाळकरी मुलांना सांगितलं होतं, की घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि गावच्या गोष्टी वहीत उतरवून आणा. सुमारे ५० हजार मुलांनी त्या आणल्या. ‘दूखस’ या संकेतस्थळावर त्या वह्यांची पानंच्या पानं बघता येतात, आणि हस्ताक्षर लावून मजकूर टंकायला कुणीही हातभार लावू शकतं. मीही लावते. चामखिळीवरचा एक उपाय तिथे पुन्हा पुन्हा भेटतो: चामखिळीवर गोगलगाय चोळायची आणि ती झुडपाच्या काट्यावर टोचून ठेवायची. गोगलगाय सुकेल तशी चामखीळ जाते म्हणे. आमची आजी घोड्याच्या शेपटीचा केस बांधायला सांगायची. तिची आणि गोगलगाईचा उपाय सांगणाऱ्या एखाद्या आयरिश आजीची गाठ पडायला हवी होती, असं फार वाटतं.

नागपूर
पिट्सबर्ग विद्यापीठाच्या डी. एल. ॲशलिमन यांनी जगभरच्या लोककथा प्रकारवार लावून ठेवल्या आहेत. पान अगदी साधं, चित्रंबित्रं नाहीत. बाळाला सापापासून वाचवणाऱ्या आणि बाईच्या हातून गैरसमजानं मेलेल्या मुंगसाची गोष्ट आपण लहानपणीच ऐकतो. तिथे तिच्या शेजारीच वेल्समधली गोष्ट आहे: राजपुत्र शिकारीहून येतो, कुत्र्याचं तोंड रक्तानं माखलेलं, पाळणा उलटलेला. तो तलवार खुपसतो, आणि मग खाली बाळ सुखरूप आणि लांडगा मरून पडलेला दिसतो. वेल्समध्ये त्या कुत्र्याची, गेलर्टची, समाधीही दाखवतात. दोन्ही गोष्टी लागोपाठ वाचताना अंगावर काटा आला.

पुणे
अरविंद गुप्तांचं खेळण्यांचं संकेतस्थळ! काडेपेटीतल्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीच्या तुकड्यांनी जोडायच्या. चौकोन केला की तो दाबल्यावर तिरका होतो, त्रिकोण मात्र हलत नाही. माझ्या मुलीला पूल आणि छपरांत त्रिकोण का असतात, ते यातून समजलं.

सातारा
‘पारी’ या ग्रामीण भारताबद्दलच्या संकेतस्थळावर जात्यावरच्या ओव्या आहेत, एक लाखाहून जास्त. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून गोळा केलेल्या. त्यातल्या कितीतरी ऐकताही येतात. आईला कानाला लावून दिल्या, तर ती मध्येच थांबवून म्हणाली, “आमच्यात ही अशी नाही म्हणत,” आणि तिनं तिची म्हणून दाखवली. ती मी लगेच फोनवर ध्वनिमुद्रित करून घेतली. घरात कुणी गाणारं असेल तर तुम्हीही हे आजच करा.

सावंतवाडी
वरच्या सगळ्या प्रतिसादांबद्दल आभार, बरंच काही जपून ठेवलंय. आमच्याकडच्या देवचाराच्या, राखणदाराच्या (गाव राखणाऱ्या अदृश्य शक्तींच्या) गोष्टी गावच्या माणसांच्या आवाजात, मालवणीतच, कुठे एकत्र ठेवल्या आहेत का? माहीत असेल तर नक्की कळवा. नसतील तर गणपतीत गावी गेल्यावर मी सुरुवात करतो, सोबत कोण येणार ते सांगा.