नारळ फुटला की वाढला?

बी-२०३: सोसायटीच्या नव्या पंपाच्या पूजेचे फोटो टाकलेत. नारळ आमच्या चिरंजीवांनी फोडला 🙏

ए-१ आजी: फोडला नको म्हणूस गं, वाढवला म्हण.

बी-२०३: आजी, पूजेत 'वाढवला' ऐकल्यापासून पोरगा हेच विचारत मागे लागलाय. दोन भकलं झाली, मग वाढला कसा?

ए-१ आजी: शुभकार्यात मोडलं, फुटलं असं तोंडातून काढायचं नाही. माझ्या आईची बांगडी फुटली तरी ती "बांगडी वाढवली" म्हणायची. दिवाही विझवत नाहीत, मालवतात.

सी-३०४ वहिनी: पण फणस आपण फोडतोच की. हाताला तेल लावून, कोयता घेऊन. तो वाढवला असं आमच्या मालवणात कोणी म्हणत नाही.

डी-४०१ सर: बरोबर, वहिनी. देवापुढची आणि सौभाग्याची वस्तू असेल तिथेच वाढवणे. पण आजी, फुटणे हा शब्द मला मुळीच अशुभ वाटत नाही. तो संस्कृत 'स्फुट्' धातूतून आला, आणि त्या धातूत तडकण्याबरोबर उमलणंही आहे. उमललेल्या फुलाला संस्कृतात स्फुट म्हणतात. पहाट फुटते, पालवी फुटते, गाईला पान्हा फुटतो, ते सगळं तिथलंच.

बी-२०३: मग फुटणेमध्ये ट आणि फोडणेमध्ये ड का?

डी-४०१ सर: छान प्रश्न! प्राकृतात 'फुट्टइ' झालं. तिथे ट जोडाक्षरात होता, म्हणून टिकला. फोडणे मात्र त्याच धातूच्या 'स्फोटयति' (फोडतो) या रूपातून आलं. त्यातला ट दोन स्वरांमध्ये एकटा सापडला, त्याचा ड झाला. वटाचा वड झाला ना, तसाच. तुटणे-तोडणे ही जोडीही अशीच. आपोआप होतं ते फुटणे, कुणी केलं की फोडणे.

सी-३०४ वहिनी: आणि फोडणी?

डी-४०१ सर: फोडणेवरूनच. तेलात मोहरी फुटते ती ऐका.

ए-१ आजी: सर, पटलं. तरी पूजेला मी वाढवलाच म्हणणार, आईचा शब्द आहे तो. बी-२०३, उद्या पोराला खाली पाठव. टाकीमागे ओल्या वाळूत नारळ रुजत ठेवलाय, त्याला परवाच कोंब फुटला. बोटभर झालाय, हिरवट पांढरा. दाखवते त्याला.

बी-२०३: पाठवते आजी. शाळेत जाण्याआधीच येईल.