प्रयोगशाळेतली वीज, पाणी, प्लॅस्टिक: आधी कशाला हात घालावा?

रेणूरेषा (प्रश्न)
बारा जणांची प्रयोगशाळा आहे. निम्मं काम मॉलिक्युलर बायोलॉजीचं, निम्मं ऑरगॅनिक सिंथेसिसचं. उणे ८० अंशांचे तीन फ्रीझर, चार फ्यूम हूड (घातक वाफा ओढून बाहेर टाकणारी कपाटं), एक ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र), काचसामान वाळवायचा ओव्हन आणि नळाच्या पाण्यावर चालणारे कंडेन्सर (वाफ गार करून परत द्रव करणाऱ्या काचेच्या नळ्या). दिवे बंद करण्याच्या पाट्या लावून झाल्या, त्याने फारसा फरक पडत नाही. प्रयोगांच्या निकालांना धक्का न लावता मोठी बचत कुठे आहे? आणि फ्रीझर उणे ७० वर ठेवला तर नमुने टिकतात का?

शीतघर
आधी मोजा. प्लगमध्ये लावायचा ऊर्जामापक घ्या, मात्र कॉम्प्रेसर सुरू होतानाचा करंट त्याला झेपतो का ते बघा. तासाभराचं वाचन फसवं असतं, कारण कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहतो. निदान पूर्ण एक दिवस, जमलं तर आठवडाभर लावून ठेवा. जुना फ्रीझर दिवसाला २० युनिटच्या पुढे जातो, चांगला नवा ८ ते १० मध्ये भागवतो. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते, म्हणजे एसीवरही भार पडतो.

उणे ८० वरून उणे ७० वर आणल्यास साधारण ३० टक्के वीज वाचते. डीएनए, प्रथिनं, जिवाणूंचे ग्लिसरॉल स्टॉक (ग्लिसरॉलमध्ये गोठवलेले साठे) यांना उणे ७० पुरतं. प्लाझ्मिड (डीएनएची छोटी वर्तुळं) आणि प्रायमर (डीएनएचे आखूड तुकडे) तर उणे २० वरही नीट राहतात. सस्तन प्राण्यांच्या पेशी दीर्घकाळ ठेवायच्या तर त्यांची जागा द्रव नायट्रोजनमध्येच. उणे ८० सुद्धा त्यांना पुरेसं नाही.

तापमान बदललं की धोक्याची घंटाही बदला, नाहीतर ती रोज वाजेल आणि आठवड्याभरात कुणी तिच्याकडे बघणार नाही. वीज गेल्यावर हाताशी असलेला वेळ थोडा कमी होतो, हे लक्षात ठेवा. रिकामे कप्पे रिकाम्या खोक्यांनी भरा; दार उघडल्यावर कमी हवा आत-बाहेर होते. फ्रीझरच्या कंडेन्सरची (उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाची) जाळी दोन-तीन महिन्यांनी झाडा. गॅस्केटवरचा (दाराच्या कडेच्या रबरी पट्टीवरचा) बर्फ प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा. धातूने खरवडलं की गॅस्केट कापलं जातं, मग दमट हवा आत शिरते आणि बर्फ दुप्पट साठतो.

हवाप्रवाह
फ्रीझरइतकाच, बहुतेक ठिकाणी त्याहून मोठा खर्च फ्यूम हूडचा असतो, कारण गार किंवा गरम केलेली खोलीतली हवा तो सतत बाहेर टाकतो. हिशेब करून बघा: १.५ मीटर रुंद हूड, सॅश (समोरची वर-खाली सरकणारी काच) ४५ सेंटिमीटर उघडी, तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला ०.५ मीटर. तासाला सुमारे १,२०० घनमीटर हवा गेली. सॅश १५ सेंटिमीटरवर आणली तर हिशेबाने ४००.

ही घट फक्त बदलत्या प्रवाहाच्या हूडमध्ये मिळते, आणि तिथेही नियंत्रकात ठरवलेल्या किमान प्रवाहापर्यंतच. स्थिर प्रवाहाच्या हूडमध्ये सॅश खाली केली की वरची बायपास जाळी उघडते आणि पंखा तेवढीच हवा ओढत राहतो. सुरक्षेसाठी सॅश खालीच हवी, पण वीज त्याने वाचत नाही. तुमचा हूड कोणता, हे डक्टमधला (हवा बाहेर नेणाऱ्या नळीतला) प्रवाह सॅशच्या दोन उंचींवर मोजून कळेल. नुसता तोंडाशी वेग मोजू नका, त्यावरून दोन्हींतला फरक ओळखता येत नाही.

स्थिर प्रवाहाचे असतील तर वायुवीजनाच्या अभियंत्याकडून पंख्याला गती-नियंत्रक बसवून घ्या. पंख्याची शक्ती प्रवाहाच्या घनाच्या प्रमाणात बदलते: प्रवाह ८० टक्के केला की शक्ती जवळपास निम्म्यावर येते. वेग ०.५ वरून ०.४ वर आणायचा तर आधी सुरक्षा अधिकाऱ्याची परवानगी आणि नंतर धुराची चाचणी, दोन्ही हवंच. हूडमध्ये साठवलेल्या बाटल्याही हलवा. त्यांच्यामुळे आत भोवरे होतात, आणि त्यांच्याचसाठी हूड रात्रभर चालू राहतो.

रिफ्लक्स
रसायनाच्या बाजूला पहिली सुधारणा पाण्याची. कंडेन्सरला मिनिटाला २ लिटर पाणी सोडून १२ तास रिफ्लक्स केलं (द्रावक उकळत ठेवून त्याची वाफ गार करून परत भांड्यात आणली) की १,४४० लिटर गटारात. टोल्युईन, इथेनॉल यांसारख्यांना हवेवर चालणारा पंखेदार कंडेन्सर चालतो. ईथर आणि डायक्लोरोमिथेनला नाही. त्यांना फिरत्या पाण्याचा चिलर लागतो. रात्री नळी निसटून खोलीत पाणी होण्याचा धोकाही यात टळतो. नळावरचा, वाहत्या पाण्याने हवा ओढणारा अ‍ॅस्पिरेटर काढून डायफ्रॅम पंप आणि कोल्ड ट्रॅप (वाफ गारव्याने अडवणारं भांडं) लावा, नाहीतर द्रावकाची वाफ थेट सांडपाण्यात जाते.

कॉलमला (मिश्रणातले पदार्थ वेगळे करायच्या नळीला) हेक्सेनऐवजी हेप्टेन. एन-हेक्सेन मज्जातंतूंना घातक आहे. ओव्हनला टायमर लावा, पण अ‍ॅसिटोनने ओलं काचसामान त्यात कधीही ठेवू नका.

प्लॅस्टिकबद्दल थोडंच. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये जैववैद्यकीय प्रयोगशाळांचा प्लॅस्टिक कचरा वर्षाला सुमारे ५५ लाख टन असल्याचा अंदाज मांडला होता. बफरच्या ५० मिलीच्या नळ्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात, धुऊन १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करता येतात. पॉलिस्टायरीन मऊ होऊन वाकतं. आरएनए आणि पीसीआरला (डीएनएच्या प्रती काढण्याच्या कामाला) मात्र पिपेटच्या नव्याच टिप वापरा, तिथे काटकसर नको. ब्लीच मिसळलेला कचरा ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, विषारी वायू निघतो.

रेणूरेषा
हूड स्थिर प्रवाहाचे असावेत असं वाटतं, डक्टमधला प्रवाह मोजून घेते. फ्रीझर तीनवरून दोनवर आणायचे तर? अर्ध्या खोक्यांवर नावच नाही.

शीतघर
सर्वांत जास्त वीज खाणारा फ्रीझर निवडा आणि एका वेळी एकच रॅक बाहेर काढा, ड्राय आइसच्या (गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या) पेटीत. हे काम हवेशीर जागेत, जाड हातमोजे घालून करा. बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड साठतो. प्रत्येक खोक्याची नोंद एकाच तक्त्यात हवी: रॅक, कप्पा, मालक, नमुना, तारीख, आणि कधी टाकायचं ती तारीख. शेवटचा रकाना रिकामा सोडू दिला तर दोन वर्षांत फ्रीझर पुन्हा भरेल. बेवारस खोकी एका रॅकमध्ये ठेवून सगळ्यांना, सोडून गेलेल्यांनाही, तीन महिन्यांची मुदत कळवा. टाकण्याचा निर्णय प्रयोगशाळाप्रमुखांनी लेखी द्यावा. रुग्णांचे नमुने असतील तर नैतिकता समितीची परवानगी आधी.

रिकामा झालेला फ्रीझर भंगारात देण्यापूर्वी तंत्रज्ञाकडून शीतक वायू काढून घ्या. जुन्या यंत्रांत बहुधा आर-५०८बी असतो, आणि त्याचा तापमानवाढीचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार पटींहून अधिक आहे. तो हवेत सुटला तर वाचवलेल्या विजेचा बराच फायदा तिथेच जातो. पुढे कधी नवा घ्याल तेव्हा हायड्रोकार्बन शीतकाचा, म्हणजे आर-२९० आणि आर-१७० वर चालणारा मागवा.