दावा जळगावातही लावता येतो

अपघात गुजरातेत झाला तर भरपाईचा दावाही तिकडेच लढवावा लागतो, असं काही जण सांगतात, ते बरोबर नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे अर्जदार राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही (अपघात भरपाईचे दावे चालवणारं कोर्ट) तो लावता येतो. माझ्या चुलतभावाला सुरतेजवळ टेम्पोने उडवलं. मज्जारज्जूला मार लागला, कमरेखालची संवेदना गेली. त्याचा दावा आम्ही जळगावलाच लावला. अशा माणसाला दर तारखेला सुरतेला कोण नेणार?

आणि फक्त ऑपरेशनची बिलं जपू नका. कॅथेटर, डायपर, पाठीवरच्या जखमांचं ड्रेसिंग, फिजिओथेरपी, सांभाळणाऱ्या माणसाचा पगार, हा खर्च जन्मभराचा आहे आणि नेमका तोच मागायचा राहून जातो. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात दावा लावायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदतही आलीय, तेव्हा पेशंट घरी येईपर्यंत थांबू नका, वकिलाला आधीच भेटा.